टोपीखालचं तेल

ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या डोक्यावर अंगठ्याएवढी एक लोखंडी टोपी असते. चाकांच्या मधून मान घालून पाहिलं तरच दिसते, तीही धूळ आणि ग्रीसच्या थराखाली. कंपनीच्या पुस्तकात तिचं नाव ब्रीदर. आमच्या मांजरीतल्या गॅरेजची पोरं तिला नुसतं 'टोपी' म्हणतात. या टोपीतून गेअर ऑइल यायला लागलं तर काय करायचं, एवढाच आजचा विषय आहे. उर्दू-मराठीच्या शिक्षकानं यावर का लिहावं असं कुणाला वाटेल, म्हणून आधीच सांगतो. ज्या टिपरच्या टोपीतून तेल येत होतं त्याच्या कर्जावर जामीनदार म्हणून माझी सही आहे. हप्ता चुकला तर बँक माझी पगारपत्रक काढून बसणार.

टिपर धाकट्या भावाचा. दहा चाकी, ज्याला आपल्याकडे सरसकट हायवा म्हणतात. वाघोलीच्या खाणीतून खडी नाहीतर क्रश सँड भरायची, मांजरी खुर्दवरून मुळा-मुठेचा पूल ओलांडायचा आणि मांजरी बुद्रुक, शेवाळेवाडी, फुरसुंगी जिथं जिथं इमारत उठतेय तिथं ओतायची. मधूनमधून सासवडकडचा मुरूम, दिवे घाट उतरून. मांजरी म्हटलं की पूर्वी लोकांना ऊस आणि द्राक्षं आठवायची. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथंच आहे, द्राक्ष संशोधन केंद्रही इथंच. 2021 साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं, आणि आता शेताच्या बांधापेक्षा खडीचे ढीग जास्त दिसतात. त्या ढिगांवर आमच्या घरातली एक चूल चालते.

जूनच्या पहिल्या पावसात तेल दिसायला लागलं. मागच्या दोन अ‍ॅक्सलपैकी पुढच्या अ‍ॅक्सलचं हौसिंग वरून ओलं, त्यावर चिकटलेला चिखल काळा. रोज नाही. दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी ओघळ. भावानं रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये दाखवलं. तिथल्या माणसानं टोपी काढून फेकली आणि त्या भोकात बोल्ट आवळून वर एम-सील थापलं. पाचशे रुपये. तेल थांबलं. भाऊ खूश. आठ-दहा दिवस सगळं कोरडं होतं, मग उजव्या बाजूच्या चाकाची आतली बाजू ओली व्हायला लागली.

त्याच आठवड्यात गाडी मुरूम भरून दिवे घाट उतरत होती. ड्रायव्हर बीडकडचा, वीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेला. त्याला दुसऱ्या वळणावर जाणवलं की ब्रेक दाबल्यावर गाडी नेहमीपेक्षा उशिरा धरतेय. मग वास आला, तेल जळाल्याचा. त्यानं ब्रेकवरचा पाय सोडला, गेअर खाली आणला आणि बैलगाडीच्या चालीनं गाडी खाली वडकीपर्यंत आणली. मागून हॉर्न वाजत राहिले. खाली येऊन त्यानं भावाला फोन केला, "शेठ, मी ही गाडी आता लोड भरून चालवणार नाही." नशीब, तो नवखा पोरगा नव्हता.

बोल्टनं थांबवलेलं तेल चाकाच्या ड्रममध्ये कसं पोचलं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. शाळेत आमच्या विज्ञानाच्या सरांना विचारलं. त्यांनी मधल्या सुट्टीत कागद ओढला. अ‍ॅक्सलचं हौसिंग म्हणजे बंद डबा. त्यात काही तेल, वर हवा. गाडी भरून चालली की दात एकमेकांवर घासतात आणि सगळं तापतं. बंद डब्यातली 25 अंशांची हवा 100 अंशांवर गेली तर तिचा दाब सुमारे पाव पटीनं वाढतो. शिवाय तेलही फुगतं. 15 लिटर तेल धरलं तर तेवढ्या तापमानात ते पाऊण लिटरच्या आसपास वाढतं आणि हवेची जागा खातं, म्हणजे दाब आणखी वर. "हा धडा आपण सातवी-आठवीत शिकवतोच की," सर म्हणाले, "फक्त आपण फुगा दाखवतो."

तो वाढलेला दाब बाहेर सोडायला टोपी असते. गाडी उभी राहून गार झाली की उलटं होतं, आतला दाब उतरतो आणि टोपीतूनच थोडी हवा आत येते. टोपी बंद केली तर हवा दुसरी वाट शोधणार. अ‍ॅक्सलला दुसऱ्या वाटा म्हणजे सील. प्रोपेलर शाफ्ट जिथं आत शिरतो तिथलं पिनियन सील, आणि दोन्ही टोकांना चाकांच्या हबमधली सील. हे रबराचे ओठ असतात, शाफ्टवर अलगद टेकलेले. त्यांचं काम तेल अडवायचं, दाब अडवायचं नाही. दाब आला की ओठ उघडतो. हबचं सील उघडलं की तेल आतलं ग्रीस धुऊन नेतं आणि ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. लायनर एकदा तेल प्यायला की त्याची पकड गेली. म्हणजे जे तेल आधी हौसिंगवर ओघळून नुसती घाण करत होतं, ते पाचशे रुपये देऊन आपण ब्रेकवर नेऊन सोडलं होतं.

पालखीचे दिवस आले. सोलापूर रस्ता आणि दिवे घाट जड गाड्यांना बंद, सगळे टिपर उभे. भावानं गाडी मांजरीतल्याच एका उस्तादांकडे लावली. साठी ओलांडलेले, सोलापूरकडून लहानपणी आलेले. त्यांच्याकडे माझा एक जुना विद्यार्थी तीन वर्षांपासून काम शिकतोय, म्हणून मीही गेलो. शाळेला सुट्टी होती आणि जामीनदाराला बघायला मनाई नसते.

उस्तादांनी आधी पोराला बोल्ट काढायला सांगितला, पण तोंड बाजूला ठेवून, फडकं धरून, हळूहळू. अर्धा आटा फिरला आणि फुस्स झालं. बराच वेळ होत राहिलं. उस्ताद माझ्याकडे वळून म्हणाले, "देखा मास्टर? तेल खुद नै निकलता. अंदर से कोई ढकेलरा. वो कौन है, वो ढूंडना."

मग जे झालं ते मी एका स्टुलावर बसून पाहिलं, आणि खरं सांगतो, आमच्या बी.एड.च्या वर्षात 'निरीक्षण' या शब्दावर जेवढी पानं लिहिली त्यापेक्षा जास्त त्या दुपारी कळलं.

डिझेल आणि ब्रशनं सगळं हौसिंग धुतलं. ओल्या अंगावर वाट दिसत नाही, म्हणाले. मग गाडी सपाट जागेवर आहे ना, ते पाहिलं. गॅरेजसमोर उतार होता, तर गाडी पुन्हा ढकलून मागं घेतली. यात अर्धा तास गेला आणि भाऊ वैतागला. पण तेलाची पातळी पाहायची तर गाडी सपाट हवी, आणि तेल खाली बसायला थोडा वेळ द्यायला हवा. चढावर उभी करून तेल भरलं की ते जास्त भरलं जातं, आणि जास्त तेल हे टोपीतून तेल येण्याचं सगळ्यात साधं कारण. क्राऊन त्यात अर्ध्याहून जास्त बुडालेलं फिरतं, तेल घुसळलं जातं, फेस होतो आणि फेस टोपीवाटे बाहेर. भरायचं प्लग उघडलं की तेल भोकाच्या खालच्या काठाला लागून असावं. बोट आत घालून टोकाला लागलं म्हणजे झालं, असं पुष्कळ जण समजतात, ते चूक.

आमच्या गाडीत तेल जास्त नव्हतं, उलट बोटाच्या दोन पेरांइतकं कमी होतं. साहजिक होतं, एवढे दिवस बाहेर जात होतं.

दुसरी शंका पाण्याची. गरम अ‍ॅक्सल पाण्यात शिरला की एकदम गार पडतो आणि आतली हवा आक्रसून टोपीतून, सीलमधून पाणी ओढून घेते. खडकवासल्यातून पाणी सुटलं की आमच्या नदीकाठी काय होतं ते मांजरीकरांना सांगायला नको. पाणी मिसळलं की तेल दुधाळ होतं, चहात दूध जास्त पडल्यासारखं, आणि त्याचाही फेस होतो. उस्तादांनी थोडं तेल काचेच्या ग्लासात घेऊन उन्हात धरलं. काळपट, पण स्वच्छ. बोटांत चोळून वास घेतला. गेअर ऑइलला गंधकाचा एक उग्र वास असतो, तो होता. दुसरं कुठलं तेल मिसळलेलं नव्हतं. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकाला पिठासारखी बारीक भुकटी लागली होती, तुकडा एकही नाही. म्हणजे दात शाबूत होते आणि बेअरिंग जळून अ‍ॅक्सल तापत असेल ही शंकाही मागं पडली.

एवढं झाल्यावर उस्तादांनी हात पुसले आणि गाडीऐवजी ड्रायव्हरकडे गेले. मला हे फार आवडलं. ड्रायव्हर खाटेवर पडला होता. त्याला उठवून विचारलं, तेल कोणत्या दिवशी येतं? तो म्हणाला, "चाचा, खाणीवर गेलो की येतं. हडपसरची ट्रिप असली तर नाय येत." खाणीवर काय वेगळं? चिखल. चिखलात काय करतोस? "लॉक लावतो. लॉक लावल्याबिगर गाडी निघतच नाय तिथनं."

इथं दोन ओळी लॉकविषयी, कारण सगळं त्याच्यावर अडलं होतं. वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर जातं. दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी दातांची जोडणी म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समध्ये पेकर नावाच्या एका कारागिरानं 1827 च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं होतं, मोटारी यायच्या कितीतरी आधी. या सोयीची एक गैरसोय आहे. एक चाक चिखलात अडकलं की सगळी ताकद तिकडेच वळते, ते गरागरा फिरतं आणि बाकीची चाकं उभी राहतात. दोन अ‍ॅक्सलच्या टिपरमध्ये पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्येही अशीच वाटणी असते. म्हणून तिथं लॉक देतात. बटण दाबलं की हवेच्या टाकीतली हवा एका छोट्या सिलिंडरमध्ये जाते, पिस्टन सरकतो आणि दोन्ही अ‍ॅक्सल एकत्र बांधले जातात. हा सिलिंडर पुढच्या अ‍ॅक्सलच्याच तोंडावर बसवलेला असतो. पिस्टनवर एक रबराची रिंग असते. पिस्टनच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला अ‍ॅक्सलचं पोट.

ब्रेकची हवा आठ किलो. सीलच्या ओठाला अर्धा किलोही पेलणं कठीण. मधे ती एक रिंग.

पुढची परीक्षा बघायला शेजारच्या टायरवाल्यापासून सगळे गोळा झाले. टोपीच्या भोकात प्लॅस्टिकची नळी घट्ट बसवली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. इंजिन चालवून टाक्या भरल्या, मग इंजिन बंद, फक्त चावी फिरवलेली. पाणी शांत. उस्ताद म्हणाले, "लगा." विद्यार्थ्यानं केबिनमधून लॉकचं बटण दाबलं. बाटलीत बुडबुडे. एक, दोन, मग धारच. बटण बंद केलं, बुडबुडे थांबले. पुन्हा लावलं, पुन्हा आले. टायरवाला "अरे वा" म्हणाला.

सिलिंडरचं झाकण बाहेरूनच उघडतं, त्यामुळे अ‍ॅक्सल उतरवायची गरज पडली नाही. रिंग निघाली ती एका जागी चपटी आणि चिरलेली. नाना पेठेतून नवी आणली. तिची किंमत दोन कटिंग आणि दोन बनमस्क्यांपेक्षा जास्त नव्हती. खर्च झाला तो बोल्टचा. हबची सील, मागच्या त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे लायनर (एकाच बाजूचा बदलून चालत नाही, ब्रेक मग एका अंगाला जास्त धरतो), ड्रमची धुलाई, हबमध्ये नवं ग्रीस, पूर्ण नवीन तेल आणि मजुरी. चौदा हजारांच्या घरात. भावानं एक हप्ता उशिरा भरला, बँकेचा फोन आधी त्याला आला आणि मग मला.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. मला त्या दुपारपासून 'गळणं' हा शब्द खटकतोय. आपण सगळे म्हणत होतो, तेल गळतंय. भावाचं तेच, त्या पहिल्या गॅरेजचं तेच. उर्दूतही आपण 'टपकना' म्हणतो. पण गळतं ते खाली भोक पडलेल्या भांड्यातून, स्वतःच्या वजनानं. टोपी तर हौसिंगच्या डोक्यावर आहे. डोक्यातून कुणी गळत नाही. एकदा 'गळतंय' म्हटलं की पुढचा विचार आपोआप भोक बुजवण्याचा येतो, एम-सील खिशातून बाहेर येतं. 'ढकललं जातंय' म्हटलं असतं तर पहिला प्रश्न वेगळा आला असता. उस्ताद व्याकरण शिकलेले नाहीत, पण क्रियापद त्यांनी बरोबर निवडलं होतं.

टिपरच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात कंपनीचं पुस्तक आहे. इंग्रजी. त्यात ब्रीदर साफ ठेवा असं लिहिलंय, लॉक कधी लावायचं आणि कधी काढायचं तेही लिहिलंय. ड्रायव्हर मराठी वाचतो. उस्ताद सही करतात. माझा विद्यार्थी उर्दू झकास वाचतो, मराठी बऱ्यापैकी आणि इंग्रजीतले फक्त आकडे. म्हणजे पुस्तक गाडीत आहे आणि गाडीभोवतीच्या एकालाही ते उघडत नाही. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांमध्ये स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण मोठं असल्याची नोंद आहे, आणि त्या धंद्यांत गाड्यांची दुरुस्ती येते. आपल्या सभा-संमेलनांत उर्दूचं काय होणार याची चिंता आपण शायरीच्या अंगानं करतो. मला वाटतं थोडी ऑइलच्या अंगानंही करायला हवी. ज्या पोराला मी दहा वर्षं लिपी शिकवली त्याच्या रोजच्या कामाचं एकही पान त्या लिपीत नाही. त्यानं वाचायचं तरी काय?

म्हणून मी विद्यार्थ्याला बसवून एक कागद केला, एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. शब्दांवर आमची बरीच ओढाताण झाली. मी ब्रीदरला मराठीत 'श्वासनळी' सुचवलं, तर पोरगा म्हणाला, "सर, वो तो जीवशास्त्र में है." उर्दूत 'सांस की नली' वाचून दाखवलं तर उस्तादांनी मान हलवली, "नली कां है? टोपी है." टोपीच राहिली, दोन्ही बाजूंना. डिफरन्शियल, सील, रिंग, लॉक तसेच ठेवले. शुद्ध भाषेचा आग्रह धरला असता तर कागद सुंदर झाला असता आणि भिंतीवर कुणी वाचला नसता.

कागदात असं आहे. टोपीतून तेल आलं तर टोपी बंद करू नका. टोपी काढून डिझेलनं धुवा, हलवून पाहा, झाकण हलतं का, फुंकून हवा जाते का. गाडी सपाट लावून तेल मोजा, जास्त असेल तर काठापर्यंत सोडून द्या. तेल दुधाळ असेल तर सगळं काढा, पाणी कुठून आलं ते शोधा, मग नवं भरा. पुस्तकातल्या नंबरचंच तेल घाला. यातलं काही नसेल आणि गाडीला हवेचं लॉक असेल तर नळी आणि बाटली घ्या. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर लोड भरू नका, ड्रम उघडा.

उस्तादांनी कागद वाचून घेतला आणि एक गोष्ट वाढवायला लावली. डांबरी रस्त्यावर आल्यावर लॉक काढायचं. लावलेलंच राहिलं तर दात एकमेकांना ओढतात, टायर घासतात आणि हवा तासन्‌तास त्या रिंगवर दाबून राहते. ड्रायव्हर हे ऐकून थोडा गप्प झाला. मग म्हणाला की लॉकचा दिवा तीन महिने बंद आहे, कळणार कसं? हे आधी कुणालाच माहीत नव्हतं. दिव्याची वायर केबिनच्या खाली उंदरानं कुरतडलेली निघाली. ती जोडली.

कागदाच्या झेरॉक्स काढल्या वीस. सोलापूर रस्त्यावरच्या चार गॅरेजमध्ये विद्यार्थ्यानं स्वतः लावल्या, एक त्या पहिल्या गॅरेजमध्येही. तिथल्या माणसानं वाचून विचारलं म्हणे, "हे कुणी लिहिलं?" पोरानं माझं नाव न सांगता उस्तादांचं सांगितलं. बरोबर केलं त्यानं.

गाडी पालखी पुढे गेल्यावर पुन्हा खाणीवर लागली आहे. हौसिंग कोरडं आहे. टोपीला रबरी नळी जोडून तिचं तोंड चेसिसच्या वर आणायचं बाकी आहे, नदीकाठच्या पाण्यासाठी. नाना पेठेत त्या आट्याचा तुकडा मिळाला नाही, उस्ताद लेथवर करून घेणार आहेत.